पाचतोटीचा वास

"शीऽऽ! थू!"

फर्मिनच्या तोंडातला पाण्याचा फवारा थेट हौदाच्या कडेवर झोपलेल्या मांजरावर गेला. मांजर उडालं. बाकावर विणत बसलेल्या तीन म्हाताऱ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या सुया तेवढ्या थांबल्या.

"आम्पारो, हा कुणाचा गं?" मधलीने विचारलं.

"माझ्या मामाचा मुलगा, हासिन्ताआजी. बार्सिलोनाहून आलाय. ईस्टरच्या सुट्टीला."

"बार्सिलोनाचा असो नाहीतर चंद्रावरचा. पाचतोटीचं पाणी बेनलाऱ्यात कुणी थुंकत नाही! माझ्या आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, नवऱ्या मुलाने इथे नुसती चूळ टाकली म्हणून!"

"पण आजी, वास घ्या ना तुम्ही!" फर्मिन जीभ बाहीला पुसत म्हणाला. "कुजलेलं अंडं, ओले मोजे आणि वरून लिंबाची गोळी!"

तिन्ही म्हाताऱ्या एकदम दुसरीकडे बघायला लागल्या.

वास सगळ्यांनाच येत होता. चांगले दहा दिवस येत होता. बेनलाऱ्यात उंबरे एकशे चार, पण 'आम्हाला वास आला' असं कबूल करणारं घर एकही नाही. पावाच्या भट्टीवाल्याने खिडकी लावून घेतली होती. पाद्रीबाबांनी धूप दुप्पट केला होता. सरपंच विर्तुदेसबाई तर कचेरीत जाताना चौकाला मोठा वळसा घालायच्या आणि विचारलं तर म्हणायच्या, "चालणं चांगलं असतं तब्येतीला!" आठशे वर्षांपूर्वीच्या मूर राजवटीपासून या भिंतीतल्या पाच तोट्या दिवसरात्र वाहत आल्या होत्या. त्यांना घाण म्हणायचं, तर पहिल्याने कोणी म्हणायचं?

"मी म्हणतो ना!" मागून आवाज आला. मेंढपाळाचा गास्पार होता तो. वय तेरा, बुटांना शेण, खिशात कायम अर्धा पाव. "आमच्या मेंढ्यासुद्धा तोंड लावत नाहीत याला. आणि मेंढ्या काय काय खातात ते सांगू का?"

"नको!" फर्मिन ओरडला.

तेवढ्यात चौकात पावलांचा गलका झाला. पुढे एलादिओसाहेब आणि त्यांच्या मागे एकतीस पाहुणे. एलादिओसाहेब म्हणजे गावच्या कारभारी मंडळींतले पर्यटनवाले. मिशीला तेल, हातात छत्री, ऊन असो नसो. यंदा त्यांनी 'वारसा-वाट' काढली होती. खालच्या रोमन पुलापासून सुरुवात, मग पाचतोटी, मग चेस्टनटची राई आणि शेवटी डोंगरावरचं उंच खळं. त्या खळ्यावर गावाने शेकडो वर्षं गहू मळला होता. एलादिओसाहेबांनी एका रात्रीत त्याचं नाव 'मूर राजाचा सज्जा' करून टाकलं. त्या राजाला स्वतःलाही ते माहीत नसेल!

"मंडळी!" त्यांनी छत्रीने तोट्या दाखवल्या. "हा जो वास येतोय ना, तो आहे गंधक! गुडघे, पचन, कातडी, तिन्हीला उत्तम! प्या, मनसोक्त प्या!"

"गंधक?" आम्पारो पुटपुटली. "परवापर्यंत तर गंधक नव्हतं."

पाहुणे रांगेने प्यायले. कुणी डोळे मिटून, कुणी नाक दाबून, कुणी फोटो काढत. एका टक्कलवाल्या गृहस्थाने तर बाटली भरून घेतली. फर्मिन पोट धरून भिंतीशी वळला.

"सव्वीस," आम्पारो म्हणाली. तिला सगळं मोजायची सवय होती, आजोबांकडून आलेली. "एकतीसपैकी सव्वीस जण प्यायले. ते मात्र एक घोटसुद्धा प्यायले नाहीत."

"कोण ते?"

"एलादिओसाहेब!"

*

मंगळवारी हिशोब पुढे आला. सव्वीसपैकी एकोणीस जणांची पोटं बिघडली. गावातले सहा वेगळे, त्यांत भट्टीवालाही. त्यामुळे पावही नाही. गावातल्या एकुलत्या एक लॉजच्या जिन्यावर संडासासाठी रांग लागली होती आणि त्या रांगेतले आवाज अख्खा चौक ऐकत होता. रविवारी भिंतीवर ठोकलेली 'गंधकाचं औषधी पाणी' ही पाटी एलादिओसाहेबांनी गुपचूप काढून नेली. आठशे वर्षांच्या भिंतीत खिळ्यांची चार भोकं तेवढी राहिली.

आणि मग त्याच चौकात, त्याच छत्रीनिशी, ते गरजले, "पाट कोण सांभाळतं? निकासिओ! पाटात बकरं मरून सडत असणार आणि म्हाताऱ्याला दिसत नसणार! चौऱ्याहत्तर वय झालं, अजून किती दिवस खोरं धरणार?"

निकासिओ म्हणजे आम्पारो आणि फर्मिनचे आजोबा. एक्केचाळीस वर्षं ते गावचे पाटकरी होते. डोंगरावरचं वितळलेल्या बर्फाचं पाणी कोणत्या दिवशी कोणत्या पाटाला लावायचं, हे फक्त पाटकरी ठरवणार. पाटाच्या तोंडाशी असलेलं मातीचं दारं, म्हणजे छोटा बांध, फोडायला आणि बुजवायला ते लांब दांड्याचं खोरं त्याच्याशिवाय कुणी हातात धरायचं नाही. आणि पाटकऱ्यावर आळ आला, तर त्याने ते खोरं ग्रामकचेरीच्या दाराशी खुंटीला टांगायचं. रविवारी प्रार्थनेनंतर प्रत्येक घराचा एक हात वर. त्रेपन्न हात विरुद्ध गेले, की खोरं दुसऱ्याला.

आजोबांनी खोरं धुतलं, पुसलं, खुंटीला टांगलं आणि घरी आले. दुधात भिजवून तळलेला, मध लावलेला पाव आम्पारोच्या आईने पुढे ठेवला, तो तसाच राहिला. फर्मिननेही तो सुट्टीत पहिल्यांदाच नाकारला.

"आजोबा, बकरं आहे का खरंच?" आम्पारोने हळूच विचारलं.

"माझ्या पाटात?" आजोबांनी मान वर केली. "आठवड्यातून दोनदा चालतो मी पाट. मेलेली माशी असली तरी मला माहीत असतं!"

"मग घाण कुठून येते?"

"तेच कळत नाही ना, पोरी." त्यांनी कोपऱ्यातली चेस्टनटची काठी घेतली. तिच्यावर वरपासून खालपर्यंत खाचा होत्या. "सान होसेच्या दिवशी, मार्चात, मी वरचं पाणी गिळ्यात सोडलं. ही खाच. तिसऱ्या दिवशी दुपारी पाचतोटी फुगली. ही तिच्या शेजारची. एक्केचाळीस वर्षं, दर वर्षी तिसरा दिवस."

"गिळ्या म्हणजे?" फर्मिनने विचारलं.

"खळ्याच्या खालच्या अंगाला एक भोक आहे. वर्षातले दहा महिने कोरडं ठणठणीत. बर्फ वितळलं की आम्ही त्यात रात्री पाणी पेरतो. डोंगर ते गिळतो, पोटात ठेवतो आणि खाली पाचतोटीला उगवतं. उन्हाळाभर गाव तेच तर पितं!"

"मग हे सांगा ना सगळ्यांना!"

"सांगून बघितलं. त्या एलादिओकडे नकाशा आहे, शहरातून आलेला. त्यात पाचतोटीचं पाणी भलत्याच बाजूने येतं. माझी काठी म्हणजे काही नकाशा नव्हे, म्हणतो." आजोबांनी काठी परत ठेवली. "असो. खोरं खुंटीवर, दारं बंद. पाणी नदीला सोडलंय. आता रविवारीच काय ते."

*

बुधवारी सकाळी तिघं पाट धरून वर निघाली. बकरं असेल तर शोधायचं, नसेल तर नाही म्हणून सिद्ध करायचं.

चेस्टनटच्या राईला नुकती पालवी फुटत होती. वर सिएर्रा डोंगररांगेची बर्फाची पाठ उन्हात चकाकत होती. पाट आता कोरडा होता, तळातले दगडसुद्धा घासल्यासारखे स्वच्छ. आम्पारो मोजत होती. एक मेलेला खेकडा नाही, एक सडलेलं पान नाही. चॉकलेटचे कागद मात्र सतरा, सगळे वारसा-वाटेच्या बाजूने फेकलेले!

"बकरं नाही," खळ्याशी पोचल्यावर गास्पार म्हणाला. "असतं तर माझ्या कुत्र्याने आधीच..."

"सांगू नकोस!" म्हणत फर्मिन दोन पावलं पुढे गेला आणि एकदम थांबला. त्याचं नाक ससा हुंगतो तसं हललं. "थांबा! तोच वास!"

"कोणता?"

"अंडं, मोजे, लिंबाची गोळी! तिन्ही!"

खळ्याच्या कडेला दोन निळे प्लॅस्टिकचे संडास उभे होते. पाहुण्यांसाठी, नवे कोरे. दारावर हसऱ्या लिंबाचं चित्र. फर्मिनने जवळ जाऊन एकदाच श्वास घेतला आणि झुडपापाशी जाऊन सकाळची न्याहारी परत केली.

"नक्की तोच का?" गास्पारने विचारलं.

"मी... उलटी... खोटी करतो का?"

तेवढ्यात घाटातून गाडीचा आवाज आला. तिघं खळ्याच्या दगडी कठड्यामागे दडली. छोटा ट्रक येऊन थांबला आणि मातीआस उतरला. एलादिओसाहेबांची सगळी कामं करणारा हा माणूस. त्याने नाकाला फडकं बांधलं, संडासाच्या टाकीला जाड काळी नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक ओढत ओढत उतारावर नेलं. गवतात एक भोक होतं, बैलाचं डोकं जाईल एवढं.

"गिळ्या!" आम्पारोच्या तोंडून निघालं.

पंप घरघरला. नळी फुगली. गिळ्याच्या तोंडातून गुडगुड गुडगुड आवाज आला. फर्मिनने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आम्पारोच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं, ते टक्कलवाले गृहस्थ आणि त्यांची भरून घेतलेली बाटली.

गास्पारला राहवलं नाही. तो उठून उभाच राहिला. "ओ मातीआसकाका! हे काय चाललंय?"

"कोण? तू होय!" मातीआस दचकला. "अरे, ही घाण भरून खाली शहराच्या टाकीपर्यंत न्यायची म्हणजे अर्धा दिवस जातो. साहेब म्हणाले, कोरडं भोक आहे, ओत त्यात. जमीन सगळं जिरवते. बघ, थेंब तरी दिसतो का वर?"

*

एलादिओसाहेब कचेरीच्या पायऱ्यांवरच भेटले. मुलांनी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी छत्री टेकली आणि ते मिशीत हसले.

"कुठे ते भोक, कुठे पाचतोटी! चार किलोमीटर अंतर! पाणी म्हणजे काय शेळी आहे, वर बिळात शिरली आणि खाली बाहेर आली?"

"आजोबांच्या काठीवर खाचा..."

"काठी!" साहेब वाकले. त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. "मी पण बेनलाऱ्याचाच आहे, पोरी. त्या भोकात लहानपणी मी दगड टाकलेत. हाडासारखं कोरडं! जा, खेळा. आणि असल्या अफवा पसरवल्यात, तर आजोबांचं खोरं रविवारपर्यंतसुद्धा थांबणार नाही."

तिघं मुकाट खाली आली. हौदाच्या मागे बसली. नाक दाबून.

"लहानपणी दगड टाकले म्हणे," आम्पारो दात आवळून म्हणाली. "उन्हाळ्यात टाकले असणार! पाणी पेरायच्या दिवसांत हे शहरातल्या शाळेत!"

"पण आता गाव कुणाचं ऐकणार?" फर्मिन म्हणाला. "मिशीचं की आपलं?"

गास्पार पाव चघळत होता. चघळता चघळता थांबला. "मेंढ्यांचं ऐकेल."

"म्हणजे?"

"आमची मेंढी डोंगरात कुठेही हरवो, तिच्या पाठीवर लाल रंगाची खूण असते. कुणी म्हणूच शकत नाही की माझी आहे. पाण्यावर खूण केली तर?"

मग आम्पारोने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पाव हौदात पडला.

"रंग गिळ्यात ओतायचा?" गास्पारने विचारलं.

"छे! आपण ओतला तर म्हणतील पोरांनी खोडी केली. रंग टाकायचा संडासाच्या टाकीत! मग गिळ्यात कोण ओतेल?"

"ते स्वतः!" फर्मिन ओरडला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... त्या संडासात कुणीतरी जायला लागणार."

काड्या ओढल्या. आखूड काडी कुणाला आली असेल?

गुरुवारी सकाळी फर्मिन नाकाला आजीचा लोकरी मफलर चार वेढे गुंडाळून आत गेला. बाहेर गास्पार आणि आम्पारो पहाऱ्याला. आतून आवाज येत होता, "ई... ईई... कुणीतरी बसायच्या जागी पाय ठेवलेत! आणि हे... हे काय चिकटलंय? आईऽऽ!"

"रंग ओत आधी!"

"डबा उघडत नाहीये!"

"मेंढीला एवढी नाटकं लागत नाहीत रे!" गास्पार म्हणाला.

दोन संडास, दोन डबे. बाहेर आला तेव्हा फर्मिनचा चेहरा ऑलिव्हच्या पानासारखा हिरवा होता. गास्पारचे बाबा मात्र घरी विचार करत होते, की दोन डबे रंग संपायला मेंढ्या एवढ्या कधी वाढल्या?

दुपारी मातीआसने फडकं बांधून, तोंड फिरवून टाक्या रिकाम्या केल्या. काळी नळी, आतलं काही दिसायचं नाही. गुडगुड गुडगुड. पहिलं काम झालं.

दुसरं अवघड होतं. दारं बंद होतं. वरून पाणी आलं नाही, तर रंग गिळ्याच्या तोंडाशीच वाळणार.

"आपण फोडू दारं," गास्पार म्हणाला.

"नाही!" आम्पारो एकदम उसळली. "खोरं नसलेल्याने दाऱ्याला हात लावायचा नाही. आजोबांची नात असून मीच लावू?"

"मग खोरं कुणाकडे आहे?"

उत्तर समोरूनच चालत आलं. एलादिओसाहेब नवे चाळीस पाहुणे घेऊन खळ्यावर चढत होते आणि त्यांच्या खांद्यावर आजोबांचं खोरं होतं! खुंटीवरून काढून आणलेलं, पाहुण्यांना दाखवायला.

"आणि हे बघा, आठशे वर्षांची परंपरा! हात लावून बघा! लावा, लावा!"

खोरं चाळीस जणांच्या हातांतून फिरलं. एका बाईंनी त्याने बुटाचा चिखल खरवडला. आम्पारोला त्याची किळस आली. संडासाच्या वासाचीही आली नव्हती एवढी. तिने डोळे पुसले, फर्मिनचा हात धरला आणि बरोबर पाहुण्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली,

"तू विचारत होतास ना फर्मिन, पाणी कसं पेरतात? पण आज बघायला मिळणार नाही. ते फक्त आजोबांना येतं. एलादिओसाहेबांना नाही येत."

"नाही येत?" फर्मिनने तोंड एवढं मोठं केलं. "पण खोरं तर त्यांच्याकडे आहे!"

"खांद्यावर घ्यायला काय, गाढवही घेईल."

दोन-तीन पाहुणे हसले. एकाने कॅमेरा वर केला. "साहेब, दाखवा ना! पाणी पेरणं! वा, काय कल्पना आहे!"

एलादिओसाहेबांची मिशी ताठ झाली. "न यायला काय झालं? बेनलाऱ्याचं पोर आहे मी!"

त्यांनी कोट काढला. छत्री एका आजींकडे दिली. चार घाव वाया गेले, पाचव्याला चिखल उडून मिशीवर बसला, सहाव्याला मातीचं दारं फुटलं आणि बर्फाचं थंडगार पाणी खळखळत पाटातून सुटलं ते सरळ गिळ्यात! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या तीन मुलांनी.

"फोटो किती निघाले?" गास्पारने विचारलं.

"अठ्ठावन्न," आम्पारो म्हणाली. "आणि सगळ्यांत तेच आहेत."

*

पण शुक्रवारी सकाळी फर्मिन धावत आला तो रडवेला होऊन. "वास गेला!"

तिघं पाचतोटीशी पळाली. खरंच! पाणी नितळ, वास जवळजवळ नाहीच. शनिवारी तर अजिबात नाही. लोक घागरी घेऊन यायला लागले. हासिन्ताआजी म्हणाल्या, "बघा! निकासिओने हात काढला आणि पाणी सुधारलं. वाईट वाटतं बाई, पण दिसतंय ते दिसतंय."

"असं कसं झालं?" फर्मिन कुजबुजला.

आम्पारोने बोटं मोजली. "मंगळवारी आजोबांनी पाणी बंद केलं. तिसरा दिवस शुक्रवार. पाणीच नाही, तर घाण खाली कशी येणार? गुरुवारी सुटलेलं पाणी रविवारी येईल."

"आणि नाही आलं तर?"

नाही आलं, तर त्यांनी आजोबांविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हातांनी भक्कम केला होता.

रविवारी प्रार्थना संपली. एकशे चार घरांची माणसं पाचतोटीसमोर जमली. आजोबा धुतलेला शर्ट घालून एकटे उभे होते, हात रिकामे. त्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. सरपंचबाईंनी विचारलं, "निकासिओकाका, काही सांगायचंय?"

"माझी काठी सांगते ते सांगितलंय," आजोबा म्हणाले. "बाकी पाणी सांगेल."

"पाण्याने सांगितलंच आहे!" एलादिओसाहेब पुढे आले. खोरं त्यांनी काखेत धरलं होतं. "म्हातारबुवा बाजूला झाले आणि पाणी कसं आरशासारखं झालं! चला, हात वर करा!"

हात वर जायला लागले. काही पटकन, काही खाली बघत. आम्पारो मोजत होती. एकतीस. चाळीस. भट्टीवाला, पोट धरूनच, एक्केचाळीस. पन्नास. एक्कावन्न. चर्चच्या घड्याळात बाराला पाच कमी. तोट्या नितळ वाहत होत्या.

"बावन्न," ती म्हणाली. हासिन्ताआजींचा हात मांडीवरून उठत होता.

"थांबा, थांबा! कुणाला अजून शंका असेल तर बघा!" एलादिओसाहेबांना तेवढा धीर धरवला नाही. त्यांनी पाचव्या तोटीखाली पेला धरला आणि तोंड लोकांकडे करून, पाठ तोटीकडे करून, उंच उचलला. "पहिल्यांदा मीच पितो!"

"पिऊ नका!" फर्मिन किंचाळला. "साहेब, नका पिऊ! वास आला!"

गावात अजून कुणालाच वास आला नव्हता. पण ते नाक फर्मिनचं होतं.

साहेबांनी हसून मोठा घोट तोंडात घेतला. आणि लोकांचे चेहरे त्यांना बदलताना दिसले. सगळे त्यांच्या मागे बघत होते. पाचवी तोटी गुलाबी झाली होती. मग चौथी, मग तिसरी. बघता बघता पाचही तोंडांतून लालभडक पाणी हौदात कोसळायला लागलं. आणि त्यामागून तो वास! अंडं, मोजे आणि लिंबाची गोळी!

"हा तर मेंढ्यांचा रंग!" गास्पारचे बाबा ओरडले.

"हो!" आम्पारो हौदाच्या कडेवर चढली. "आम्हीच टाकला! कुठे माहितीये? खळ्यावरच्या संडासाच्या टाकीत! गुरुवारी! तिथून मातीआसकाकांनी तो गिळ्यात ओतला, रोज ओततात तसा. आणि वर पाणी कुणी सोडलं? त्याचे अठ्ठावन्न फोटो आहेत!"

एलादिओसाहेबांचे गाल अजून फुगलेले होते. घोट तोंडातच होता. 'संडासाच्या टाकीत' हे शब्द कानांतून आत पोचायला एक क्षण लागला. मग डोळे बाहेर आले, मिशी थरारली, आणि

"थूऽऽऽ!"

लाल फवारा थेट सरपंचबाईंच्या ईस्टरच्या पांढऱ्या बुटांवर! पाठोपाठ साहेब रोमन काळच्या दगडी कुंडाआड वाकले आणि तिथून जे आवाज आले, ते लॉजच्या जिन्यावरच्या रांगेने लगेच ओळखले.

"पाचतोटीचं पाणी थुंकला!" हासिन्ताआजी म्हणाल्या. आणि अर्धा वर आलेला हात त्यांनी सावकाश खाली ठेवला.

एकेक करत सगळे हात खाली आले. मातीआसने टोपी काढली. "साहेबांनी सांगितलं, मी ओतलं. कोरडं भोक म्हणाले. मी पण विचारलं नाही. घाण डोळ्यांआड झाली, तेवढंच बघितलं."

"आपण सगळ्यांनीच तेवढंच बघितलं," सरपंचबाई बूट झटकत म्हणाल्या. त्यांचा चेहरा बुटांइतकाच लाल झाला होता. "मी दोन आठवडे वळसा घालून चालतेय. लाज वाटते मला."

पाणी घाण करणाऱ्याला बेनलाऱ्यात जुना नियम आहे. त्याने दाऱ्यापासून हौदापर्यंतचा अख्खा पाट एकट्याने, हातांनी धुवायचा. तोपर्यंत सभेत त्याचं तोंड बंद. खळ्यावरचे संडास दुसऱ्याच दिवशी खाली आले, टाकीसकट शहरापर्यंत. पाट धुवायला साहेबांना एकवीस दिवस लागले. छत्री न घेता. वारसा-वाटेवरचे पाहुणे थांबून फोटो काढायचे. त्यांनी टाकलेले चॉकलेटचे कागदही साहेबांनाच उचलायला लागले.

खोरं मात्र आजोबांनी लगेच घेतलं नाही. आधी ते त्या रंगीत पाण्यात नव्हे, घरच्या आडावर नेऊन तीनदा धुतलं. मग चौकात येऊन खांद्यावर टाकलं. बारा वाजून गेले होते. त्यांनी खिशातून चाकू काढला, घरून आणलेली काठी घेतली आणि दोन्ही आम्पारोच्या हातात दिली.

"गुरुवारी सुटलं, रविवारी आलं. तिसरा दिवस. घाल खाच."

एक्केचाळीस वर्षांत त्या काठीवर दुसऱ्या कुणाच्या हाताची खाच नव्हती. आम्पारोने जीभ दातांत धरून खाच घातली. जरा वाकडीच गेली.

"चालेल," आजोबा म्हणाले. निकासिओंच्या तोंडून याहून मोठं कौतुक गावात कुणी ऐकलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये फर्मिन परत आला तेव्हा अख्खं गाव चौकात होतं. डोंगराने पोटात सगळं धुऊन काढायला मे महिना पुरता घेतला होता. शहरातून तपासणी होऊन कागदही आला होता, पाणी चांगलं आहे म्हणून. तरी हासिन्ताआजींनी अजून घागर भरली नव्हती. "कागदाला नाक असतं का?" त्या म्हणायच्या.

बाक पुढे ओढला गेला. गास्पारने पाव खाणं थांबवलं. आजोबांनी पेला पाचव्या तोटीखाली धरला आणि फर्मिनच्या हातात दिला. तिन्ही म्हाताऱ्यांच्या सुया थांबल्या.

फर्मिनने हुंगलं. डोळे मिटून परत हुंगलं. घोट घेतला, तोंडात फिरवला.

मग त्याने तो गिळला.

"कशाचाच वास नाही," तो म्हणाला. "कशाचीच चव नाही."

"झालं!" हासिन्ताआजी उठल्या आणि त्यांनी सगळ्यांत आधी घागर लावली. "पोरगं आमचंच आहे. चुकून बार्सिलोनात जन्मलं!"